टर्न आउट, वर्क आउट, पॅन आउट, एंड अप : एकाच्या जागी दुसरं चालतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की शब्दकोशात या चार इंग्रजी फ्रेझल व्हर्बपुढेही (म्हणजे क्रियापद आणि ‘आउट’, ‘अप’सारखा छोटा शब्द यांची जोडी) ‘शेवटी अमुक होणे’ असाच अर्थ दिलाय, मग कोणतंही कुठेही चालेल का? आणि ‘माय इंटरव्ह्यू टर्न्ड आउट’ हे वाक्य बरोबर आहे का?

बहुतेक वेळा नाही चालत. मी इंग्रजी-मराठी अनुवादाची कामं करते. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून माझा गोंधळ वाढतच गेला होता. तो सुटला मराठी क्रियापदांमुळे. आपल्याकडे ‘झालं’ या एकाच शब्दावर कुठे भागतं? निघालं, ठरलं, जमलं, बारगळलं, फळलं, अंगाशी आलं असे कितीतरी आहेत.

टर्न आउट म्हणजे आपलं ‘निघणे’. बातमी खोटी निघाली, पाहुणा ओळखीचा निघाला, पोरं चांगली निघाली. आधी माहीत नव्हतं किंवा वेगळंच वाटत होतं, ते आता उघड झालं. ‘द न्यूज टर्न्ड आउट टु बी फॉल्स’, ‘द चिल्ड्रन टर्न्ड आउट वेल’. ‘इट टर्न्ड आउट दॅट...’ म्हणजे ‘निघालं काय, तर...’. याला जवळचा म्हणून ‘प्रूव्ह’ देतात, पण तो ‘ठरणे’ आहे. निर्णय चुकीचा ठरला, म्हणजे अनुभवाच्या कसाला लागून तसं दिसलं. पाहुणा ओळखीचा ‘ठरला’ असं आपण म्हणत नाही. तिथे इंग्रजीतही टर्न आउटच बरं वाटतं.

एक चूक मात्र फार दिसते : ‘द प्लॅन वॉज टर्न्ड आउट गुड’. या अर्थाने टर्न आउटचा कर्मणी प्रयोग होतच नाही. ‘ही वॉज टर्न्ड आउट’ म्हटलं तर त्याला घराबाहेर काढलं असा अर्थ होईल!

वर्क आउट म्हणजे ‘जमणे’. यात ‘नीट’ हा शब्द आतच दडलेला असतो, जसं ‘जमलं’ म्हटल्यावर ‘चांगलं’ वेगळं सांगावं लागत नाही. नकारात तर हे जोडपं फारच जुळतं. ‘इट डिडन्ट वर्क आउट’ आणि ‘नाही जमलं’. मोडलेलं नातं असो की सोडलेली नोकरी, दोष कुणाचा ते सांगायचं नसलं की दोन्ही भाषांत हेच म्हणून विषय मिटवतात. हिशेबातही हेच क्रियापद येतं : ‘इट वर्क्स आउट ॲट फॉर्टी ईच’, म्हणजे प्रत्येकी चाळीस पडतात.

पॅन आउट माझं आवडतं. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोकांची तिकडे झुंबड उडाली. नदीतली वाळू पसरट थाळीत घ्यायची, पाणी घालून गोल गोल हलवायची. हलकी वाळू काठावरून वाहून जाते, सोनं जड म्हणून तळाशी राहतं. राहिलं तर. या थाळीला पॅन म्हणतात आणि पॅन आउट हा शब्दप्रयोग सोनं शोधणाऱ्यांच्या तोंडचाच. म्हणून त्यात खटपट आणि अनिश्चितता दोन्ही आहेत, आणि तो जास्त करून नकारात नाहीतर प्रश्नात येतो. ‘द आयडिया डिडन्ट पॅन आउट’ : एवढं करून हाती काही लागलं नाही. औपचारिक पत्रात मी तो टाळते.

आता एंड अप. यात मला स्वतःला फटका बसलाय. एका परदेशी ग्राहकाला मी मोठ्या कौतुकाने लिहिलं, ‘वुई एंडेड अप गेटिंग द प्रोजेक्ट’. त्याचं उत्तर आलं, तुम्हाला ते काम नको होतं का? एंड अपमध्ये ‘ठरवलं नव्हतं, पण शेवटी तिथे येऊन पोचलो’ हा सूर असतो. घर विकायची वेळ आली : ‘दे एंडेड अप सेलिंग द हाउस’. शेवट वाईटच हवा असं नाही, भांडता भांडता दोघं मित्रही होऊन बसतात. पण आधी आखलेल्या गोष्टीला हे शोभत नाही. मी साधं ‘वुई गॉट’ लिहायला हवं होतं. एंड अपच्या पुढे ‘सेलिंग’सारखं रूप येतं, ‘टु सेल’ नाही. वाइंड अपही याच अर्थाचं, जरा जास्त बोलीतलं. भूतकाळ वाउंड अप. कंपनी वाइंड अप केली म्हणजे मात्र ती गुंडाळली.

बाकीचे भराभर सांगते. बेत किंवा व्यवहार बारगळला, फिसकटला तर फॉल थ्रू. घेतलेले कष्ट फळले तर पे ऑफ. अवघड बेत तडीस गेला तर कम ऑफ. याची कॉल ऑफशी गल्लत करू नका, कारण कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. डाव अंगाशी आला तर बॅकफायर, पण ते एकच क्रियापद आहे, जोडी नाही. अहवालात लिहायचं असेल तर ‘रिझल्ट इन’ किंवा ‘कल्मिनेट इन’ चालतील, मात्र दुसऱ्यात वाढत वाढत टोक गाठल्याचा भाव आहे. नाम हवं असेल तर ‘आउटकम’. ‘टर्नआउट’ नको, ती हजेरी झाली. आणि ‘वर्कआउट’ म्हणजे व्यायाम.

राहिलं तुमचं वाक्य. ‘माय इंटरव्ह्यू टर्न्ड आउट’ म्हणजे ‘माझी मुलाखत निघाली’. काय निघाली, ते राहूनच गेलं. पुढे ‘वेल’ किंवा ‘टु बी ईझी’ असं काहीतरी हवं. आणि मुलाखत चांगली झाली एवढंच सांगायचं असेल, तर फ्रेझल व्हर्बच्या नादी न लागता ‘माय इंटरव्ह्यू वेंट वेल’ म्हणा.