कॅथलिक शाळेत ह्युमॅनिटीजचा विभागप्रमुख नेमताना काय बघावं? उमेदवार ख्रिस्तीच हवा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. साताऱ्यातल्या कॅथलिक माध्यमिक शाळेत इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल आणि मूल्यशिक्षण मिळून एक विभाग आहे, त्याला प्रमुख नेमायचाय. तुम्ही निवड समितीवर आहात. अर्ज येताहेत, पण बघायचं काय आणि उमेदवार ख्रिस्ती असलाच पाहिजे का, यावर समितीचं एकमत होत नाहीये.

मी याच जिल्ह्यात सिस्टरांच्या शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला, पुढे विभाग सांभाळला. आता निवृत्त आहे, तरी मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून बोलावणं येतं. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे, म्हणून आधीच सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की उमेदवाराचा डेमो तास बघाच, पण त्यानंतर त्याला तुमच्याच एखाद्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसवा आणि तास संपल्यावर तो त्या शिक्षकाशी काय बोलतो ते ऐका. चांगला शिक्षक आणि चांगला विभागप्रमुख यांतला फरक तिथे जितका दिसतो तितका मुलाखतीच्या टेबलावर कधीच दिसत नाही.

एका निवडीत दोन उमेदवार शेवटपर्यंत राहिले होते. दोघांनाही डेमोसाठी दहावीचा वर्ग आणि डलहौसीचं संस्थानं खालसा करण्याचं धोरण हा घटक दिला होता. पहिल्या सरांनी सातारा १८४८, झाशी १८५४, नागपूर १८५४ अशी यादी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिली, मुलांनी ती वहीत उतरवली, तास वेळेत संपला. दुसऱ्या मॅडमचं फळ्यावरचं काम जरा विस्कळीत होतं. पण त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "दत्तक मुलगा वारस होऊ शकत नाही, हे ठरवायचा अधिकार कंपनीला दिला कुणी?" मग १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केलं तिथपासून सुरुवात केली आणि त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन चौदा वर्षं तिथे खेटे घालणारे रंगो बापूजी मुलांपुढे उभे केले. पुस्तकात साताऱ्याला यादीतली एक जागा असते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना त्या एका ओळीमागे केवढं काय आहे ते पहिल्यांदाच कळत होतं.

तरीही समिती अडली होती, कारण पहिल्या सरांचा अनुभव जास्त होता आणि शिस्तही चांगली होती. मग दोघांनाही एका तरुण शिक्षिकेच्या भूगोलाच्या तासाला बसवलं. घटक होता पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या पलीकडचा कमी पावसाचा भाग. आपल्या जिल्ह्यासारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. शिक्षिकेने आकृती छान काढली, पण दोन मुलं आपल्या आजोळच्या टँकरबद्दल सांगायला लागली तेव्हा "नंतर सांगा" म्हणून पुढे गेली.

तास संपल्यावर सरांनी मुख्याध्यापिकेसमोरच तिच्या चुका मोजून दाखवल्या. एकही चूक खोटी नव्हती, पण त्या मुलीचा चेहरा उतरला आणि मग तिने फक्त "हो सर, हो सर" केलं. मॅडम तिला बाजूला घेऊन बसल्या. आधी विचारलं, "तुला स्वतःला कसा वाटला तास?" ती म्हणाली, घाई झाली. मॅडम म्हणाल्या, "आकृती उत्तम होती. ती दोन मुलं माणची गावं सांगत होती ना, ती नावं तू फळ्यावर आकृतीच्या उजव्या अंगाला लिहिली असतीस, तर आकृती त्यांचीच झाली असती." बस. एकच गोष्ट सांगितली, पण ती दुसऱ्या दिवशी वर्गात करता येण्यासारखी होती. समितीचा निर्णय तिथेच झाला.

हे करताना एक पथ्य पाळा. ज्या शिक्षकाचा तास बघायला बसवणार, त्याला आधी विश्वासात घ्या आणि हे त्याचं मूल्यमापन नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः सांगा. नाहीतर त्या बिचाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

आता ख्रिस्ती असण्याबद्दल. संविधानाच्या कलम ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातही अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि शिक्षण संचालकांकडे नावं कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या भरतीपुरती मोकळीक आहे. म्हणजे ख्रिस्ती व्यक्तीला प्राधान्य द्यायचं ठरवलंत तर वाट आहे. पण या पदासाठी ते गरजेचं आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते नाही. कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण वेगळं असतं, ते कॅथलिक व्यक्तीनेच घ्यावं, त्याबद्दल वाद नाही. विभागप्रमुख मात्र सगळ्या मुलांच्या इतिहास-भूगोलाची आणि मूल्यशिक्षणाची काळजी वाहणार आहे, आणि आपल्याकडच्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुलं इतर धर्मांची असतात. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, असंच सांगितलंय. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथलिक शाळेचं वातावरण शुभवर्तमानातल्या स्वातंत्र्याच्या आणि प्रेमाच्या वृत्तीने भरलेलं असावं, अशी अपेक्षा आहे. ती वृत्ती उमेदवारात आहे का ते तपासा. बाप्तिस्म्याचा दाखला त्याचं उत्तर देत नाही.

ती तपासायची कशी? धर्माबद्दल गोलगोल प्रश्न विचारू नका, कारण "सर्व धर्म समान" हे उत्तर सगळेच पाठ करून येतात. अवघड घटक समोर ठेवा. तुमची शाळा आयसीएसईची असेल तर नववीला युरोपातली धर्मसुधारणा आहे. विचारा, "१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या (पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीला विरोध केला, हे तुम्ही याच इमारतीत, मागे सिस्टर बसलेल्या असताना कसं शिकवाल?" जो चर्चच्या चुका झाकून नेतो तो नको आणि ज्याला त्यात चेव येतो तोही नको. मग लगेच दुसरा प्रश्न विचारा, प्रतापगडाचा. गड आपल्याच जिल्ह्यात, १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट आपल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर रोमांच उभे करते, आणि त्याच वर्गात मुसलमान मुलंही बसलेली असतात. महाराजांचा पराक्रम तसूभरही कमी न करता ती लढाई दोन सत्तांमधली होती, महाराजांच्या आणि आदिलशाहीच्या दोन्ही बाजूंना हिंदूही होते आणि मुसलमानही, हे जो सहज आणि प्रेमाने सांगू शकतो, त्याच्या हाती मूल्यशिक्षणही निर्धास्त सोपवा. मला या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून माणूस जितका कळला तितका बायोडेटातून कधी कळला नाही.

कागदावरचं काम कंटाळवाणं असतं, पण टाळू नका. उमेदवाराला एखादी कच्ची प्रश्नपत्रिका आणि लाल पेन द्या आणि अर्धा तास एकटं बसू द्या. राज्य मंडळाच्या दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत २० असे गुण असतात. आयसीएसईला इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे दोन स्वतंत्र पेपर, प्रत्येकी ८० अधिक २०. संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण, याचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा) मांडता येतो का, सोपे-अवघड प्रश्न कसे विभागतो, भाषेतली संदिग्धता पकडतो का, हे त्या लाल खुणांवरून दिसतं. दहावीच्या अंतर्गत गुणांचे प्रकल्प घाईघाईने एकाच रात्री लिहून येतात ते तो कसं थांबवेल, हेही विचारा.

समितीत मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाचे फादर असतातच. बाहेरचा एक विषयतज्ज्ञ जरूर घ्या. छत्रपती शिवाजी कॉलेज किंवा लाल बहादूर शास्त्री कॉलेजमधला इतिहासाचा वा भूगोलाचा कुणी प्राध्यापक आनंदाने येईल. उमेदवाराच्या आधीच्या शाळेत फोन करून चौकशी करा आणि ती मुख्याध्यापकांबरोबरच शक्य असल्यास त्याच्या हाताखालच्या एखाद्या शिक्षकाकडेही करा. पोलीस चारित्र्य पडताळणीला सवलत देऊ नका, उमेदवार कितीही ओळखीचा असला तरी.

जाहिरात जानेवारीतच द्या. कायम शिक्षकाला सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे एप्रिलमध्ये शोधायला निघालात तर जूनला जे मोकळे असतील तेवढेच हाती लागतात. 'ऐक्य' आणि 'पुढारी'त द्या, पुणे धर्मप्रांतातल्या इतर शाळांनाही कळवा.

आणि पदाचं स्वरूप लेखी ठरवा. आपल्या सेवाशर्तींच्या नियमांत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक अशी पदं आहेत. शाळेतला विभागप्रमुख ही अंतर्गत जबाबदारी असते आणि त्यामुळेच तिची फार परवड होते. आठवड्याचे किती तास कमी करणार, भत्ता किती, इतरांचे तास बघण्यासाठी वेळापत्रकात कोणते तास राखून ठेवणार, हे नेमणूकपत्रात घाला. पूर्ण तासिका, वर वर्गशिक्षकपद आणि त्यात विभाग, असं लादलंत तर वर उल्लेख केलेल्या मॅडमसारखी व्यक्तीही सहामाहीपर्यंत फक्त वह्यांवर सह्या करत बसेल.

शेवटी, विभागातच एखादे ज्येष्ठ शिक्षक असतील आणि त्यांना हे पद मिळेल अशी आशा असेल, तर त्यांचीही निवड याच पद्धतीने करा. सेवाज्येष्ठता हा एक मुद्दा धरा, एकमेव नको. त्यांची निवड झाली नाही, तर नोटीस बोर्डावर नाव लागायच्या आधी मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, दार लावून, कारणासकट सांगायला हवं. नव्या माणसाला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मदत त्यांचीच लागणार आहे.