वाचकांचे प्रश्न : शेपटी असलेला ‘सी’

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या पोर्तुगीज काळातील जन्मदाखल्यावर त्यांचे नाव ‘लोरेन्सो’ असे असून त्यातील ‘सी’ या रोमी अक्षराखाली आकडीसारखी एक शेपटी काढलेली आहे. आजच्या कागदपत्रांवर ती शेपटी नाही आणि गोव्याबाहेरचे लोक ते नाव सर्रास ‘लोरेंको’ असे वाचतात. हे अक्षर कोणते आणि ती शेपटी कशासाठी?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : या शेपटीला सेडिला म्हणतात. तिची गरज लॅटिनपासून निघालेल्या भाषांमधल्या एका अडचणीतून निर्माण झाली. या भाषांत ‘ई’ आणि ‘आय’ या स्वराक्षरांपूर्वी येणाऱ्या ‘सी’चा उच्चार कालांतराने मऊ झाला, परंतु ‘ए’, ‘ओ’ आणि ‘यू’ यांच्यापूर्वी तो ‘क’ असाच राहिला. त्यामुळे ‘लोरेन्सो’ या नावात ‘ओ’पूर्वी ‘स’ लिहावयाचा असेल, तर वाचणाऱ्याला तसे बजावणारी काहीतरी खूण हवी होती, आणि ते काम ही शेपटी करते. साहजिकच पोर्तुगीज व फ्रेंच लेखनात ‘ई’ किंवा ‘आय’च्या आधी ती लावत नाहीत, कारण तेथे ‘सी’ मुळातच मऊ असतो.

शेपटीचा जन्म मात्र ‘सी’तून झालेला नाही. मध्ययुगीन स्पेन आणि पोर्तुगालमध्ये प्रचलित असलेल्या व्हिसिगॉथिक हस्ताक्षरात ‘झेड’ या अक्षराचा वरचा भाग वाढत जाऊन ‘सी’सारखा दिसू लागला आणि खालचा भाग आक्रसत जाऊन नुसती आकडी उरली, सेडिला हे नावही स्पॅनिशमध्ये ‘लहानसा झेड’ याच अर्थाचे आहे. म्हणजे आपण ज्याला शेपटीचा ‘सी’ म्हणतो, तो वंशाने ‘झेड’ आहे. गंमत अशी की ज्या स्पॅनिशने हे अक्षर घडवले, तिनेच अठराव्या शतकात त्याला निरोप दिला आणि त्याच्या जागी पुन्हा ‘झेड’ किंवा साधा ‘सी’ आणून बसवला. फ्रान्समध्ये ते पॅरिसचे मुद्रक जोफ्रवा तोरी यांनी १५३०च्या सुमारास छपाईत रुजवले. तत्पूर्वी फ्रेंच लेखक ‘सी’नंतर एक अनुच्चारित ‘ई’ घालून वेळ मारून नेत असत.

गोव्यात १९६१नंतर पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली आणि इंग्रजी कळफलकावर हे अक्षर नसल्यामुळे नावांच्या शेपट्या गळून पडल्या. काही नावांनी त्याऐवजी ‘झेड’ स्वीकारला. राष्ट्रवादी पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांसा यांचे आडनाव पोर्तुगीजमध्ये शेपटीच्या ‘सी’ने लिहिले जाते, पण त्यांच्या नावाने पणजीत असलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘झेड’ आहे आणि म्हणून मराठीत आपण ‘ब्रागांझा’ म्हणतो. जिच्या १६६१च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांच्या पदरात पडली, ती राजकन्या कातरिना हीदेखील याच नावाच्या राजघराण्यातली; तिलाही इंग्रजी इतिहासग्रंथांनी ‘झेड’ बहाल केला आहे.

शेपटी वगळल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. पोर्तुगीजमध्ये ‘कासा’ म्हणजे शिकार. हा शब्द ‘सी’खालची शेपटी काढून लिहिला, तर त्याचा ‘काका’ होतो आणि त्याचा अर्थ आपल्याकडे लहान मुले ज्याला ‘शी’ म्हणतात तो होतो. नावांच्या बाबतीत इतका अनर्थ होत नसला, तरी जुन्या व नव्या कागदपत्रांतील फरकाचे कारण लेखी देता येणे उपयोगाचे असते. पासपोर्टवरील यंत्राने वाचावयाच्या दोन ओळींत केवळ २६ साधी रोमी अक्षरे वापरता येत असल्यामुळे तेथे पोर्तुगीज नागरिकाच्या नावातही साधा ‘सी’च येतो. वर्तनीतील हा फरक म्हणून दोन वेगळ्या व्यक्तींचा पुरावा ठरत नाही. संगणकावर हे अक्षर हवे असल्यास ‘आल्ट’ची कळ दाबून ठेवून उजवीकडच्या अंकफलकावर ०२३१ टंकावे, मोबाइलवर ‘सी’ दाबून धरल्यास ते बहुधा पर्यायांत दिसते.

प्रश्न : इस्तंबूलमध्ये चहाच्या दुकानांच्या पाट्यांवर हेच अक्षर पाहिले. तेथे त्याचा उच्चार ‘च’ असा करतात. एकाच अक्षराचे उच्चार इतके वेगळे कसे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुर्कस्तानने १९२८मध्ये अरबी लिपी सोडून २९ अक्षरांची रोमी वर्णमाला स्वीकारली, तेव्हा साध्या ‘सी’ला ‘ज’चे काम दिले आणि शेपटीच्या ‘सी’ला ‘च’चे. त्यामुळे आपला ‘जवाब’ तेथे साध्या ‘सी’ने सुरू होतो आणि चहा शेपटीच्या ‘सी’ने. ही योजना तेथे पहिल्यांदाच सुचली असे नाही. अल्बेनियनांनी १९०८च्या मनास्तिर परिषदेत ठरवलेल्या वर्णमालेतही हे अक्षर ‘च’साठीच होते. पुढे कुर्मांजी कुर्दिश, अझरबैजानी आणि तुर्कमेन या भाषांनी तीच वाट धरली. या भाषांत ते वर्णमालेतले स्वतंत्र अक्षर मानले जाते आणि शब्दकोशात त्याचा विभाग वेगळा असतो, तर फ्रेंच व पोर्तुगीज कोशांत ते साध्या ‘सी’बरोबरच लावले जाते.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये या अक्षराचा उच्चार आपल्या ‘चाक’ किंवा ‘चांगला’ यांतील दंततालव्य ‘च’सारखा होता, तर तुर्की उच्चार ‘चार’ किंवा ‘चहा’ यांतील तालव्य ‘च’सारखा आहे. आपण हे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने, कोणतीही खूण न करता लिहितो आणि वाचणाऱ्याने ते ओळखावेत अशी अपेक्षा ठेवतो. मराठी शिकणाऱ्या परभाषकांची त्यात होणारी दमछाक पाहता, एखादी शेपटी आपल्याकडेही असती तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे.

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी संस्कृत-व्याकरणात ‘शिव’ हा शब्द शेपटीच्या ‘सी’ने लिहिलेला आढळला. ही छपाईची चूक आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चूक नाही. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या १८७९च्या संस्कृत व्याकरणात आणि अनेक जुन्या फ्रेंच ग्रंथांत ‘श’साठी हेच अक्षर योजलेले आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक सोयही होती, कारण संस्कृत ‘शतम्’ आणि लॅटिन ‘केंतुम्’ अशा जोड्यांत संस्कृत ‘श’च्या जागी लॅटिनमध्ये ‘सी’ आढळतो. पुढे विद्वानांत ‘एस’वर तिरकी रेघ देण्याची पद्धत रूढ झाली. गोव्याच्या रोमी कोंकणीत मात्र ‘श’ पोर्तुगीज वळणाने ‘एक्स’ने लिहितात, हा आणखी निराळा प्रकार.

अशी पुस्तके आता संगणकावर उपलब्ध असली, तरी त्यांत शोध घेताना एक काळजी घ्यावी. छापील पानांचे यंत्राद्वारे मजकुरात रूपांतर करताना ही शेपटी पुष्कळदा निसटते, आणि व्हिटनींच्या पद्धतीत साधा ‘सी’ म्हणजे ‘च’ असल्यामुळे ‘शिव’ शोधावयाचा असल्यास ‘चिव’ असाही शोध घ्यावा लागतो. ‘शक्र’ या इंद्राच्या नावाचे तर सरळ ‘चक्र’ होते, आणि तेथे कोणता शब्द अभिप्रेत आहे हे मूळ पानाचे छायाचित्र उघडूनच ठरवावे लागते.