बाळाची साखर नॉर्मल, तरी 'डायबेटिस'? आणि तो आईकडूनच येतो का?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांच्या मुलाला नेफ्रोजेनिक डायबेटिस इन्सिपिडस (मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही, म्हणून सारखी लघवी आणि तहान) निघालाय, आणि सासरी 'हे आईकडूनच आलं' असं चाललंय. ताई, माझ्या मुलालाही हेच आहे. आम्ही तासगावकडचे, निदान मिरजेत झालं.

साखरेचा इथं काहीच संबंध नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी परत ओढून घ्यायला सांगतं. पाटाच्या पाण्यासारखं समजा. एव्हीपीआर२ हे जनुक बिघडलं तर पाटकऱ्याला निरोपच पोचत नाही. एक्यूपी२ बिघडलं तर निरोप पोचतो, पण दार उघडत नाही. म्हणून हे हार्मोन बाहेरून देऊनही सहसा उपयोग होत नाही.

सुमारे ९० टक्के कुटुंबांत बिघाड एव्हीपीआर२मध्ये असतो. ते एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. एवढ्यापुरतं सासरचं म्हणणं खरं. पण कधीकधी हा बदल बाळातच नव्यानं होतो, आईत नसतोच. त्यामुळे बाळाची जनुकीय तपासणी, मग तुमची, आणि तोवर कुणाचंही ऐकून घेऊ नका. मी वाहक निघाले, म्हणजे बिघडलेलं जनुक माझ्यात आहे. यात माझा दोष काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही! आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची निम्मी. वाहक मुलींनाही कधीकधी तहान-लघवीचा त्रास होतो.

उरलेल्या १० टक्क्यांत एक्यूपी२ सापडतं, १२व्या गुणसूत्रावरचं. त्यात बहुतेक वेळा सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आलेली असते. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. तुमचं लग्न नात्यातलं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. तिथं प्रत्येक मुलाला किंवा मुलीला २५ टक्के शक्यता, आणि 'आईकडून' हा शब्दच गळून पडतो.

जनुक कुठलंही निघो, बाळाचं पाणी कधी तोडू नका. 'सारखी शू करतोय, पाणी कमी द्या' हा सल्ला जीवावर बेतू शकतो. लघवीचं प्रमाण कमी करायच्या थायाझाइडसारख्या गोळ्या डॉक्टर ठरवतील; मीठ मात्र घरातच कमी करावं लागतं. सांगली जिल्ह्यात राहून पोराला भडंगापासून लांब ठेवणं गोळ्यांपेक्षा अवघड आहे. उलट्या-जुलाब झाले तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा, आणि सलाईन लावायच्या आधी आजाराचं नाव सांगा: नेहमीच्या मिठाच्या सलाईननं या मुलांचं रक्तातलं सोडियम आणखी चढू शकतं.