माणूस राहत नाही अशा आर्क्टिक बेटांवर समुद्रपक्ष्यांना धोका कशाचा?

जिथे माणसांची वस्तीच नाही, तिथल्या समुद्रपक्ष्यांच्या अधिवासाला धोका कसा पोहोचतो, असे आपण विचारले आहे. या पक्ष्यांविषयी मी बरीच वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, नुसता कडा म्हणजे त्यांचे घर नव्हे. कड्यावर ते विणीपुरते येतात. पोट मात्र बाराही महिने समुद्रावर चालते.

नॉर्वेची मुख्य भूमी आणि तिच्या उत्तरेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गेन हे मोठे बेट यांच्या दरम्यान असलेल्या ब्योर्नया, म्हणजे अस्वल बेटाचे उदाहरण घ्या. हवामान केंद्रातील मोजकी माणसे सोडल्यास तिथे कोणी राहत नाही आणि २००२ पासून जवळजवळ संपूर्ण बेट राखीव आहे. दक्षिण टोकाचे, ४०० मीटरहून उंच कडे थेट समुद्रात उतरतात. त्यांवर गिलेमॉट, किटिवेक, फुल्मार या समुद्रपक्ष्यांची अक्षरशः दाटी असते. गिलेमॉट घरटे बांधत नाही. अरुंद कपारीतल्या उघड्या खडकावर मादी एकच अंडे घालते आणि सुमारे तीन आठवड्यांचे पिल्लू, धड उडता येत नसतानाही, कड्यावरून खाली झेप घेऊन बापाच्या सोबतीने समुद्रात निघून जाते.

याच बेटावर १९८६ ते १९८७ या एका वर्षात कॉमन गिलेमॉट या गिलेमॉटच्या एका जातीच्या विणीच्या जोड्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. कडे जागच्या जागी होते, कपारी शाबूत होत्या. नाहीसा झाला होता तो त्यांचे खाद्य असलेला कॅपेलिन हा छोटा, चरबीदार मासा. भरमसाट मासेमारी आणि कॅपेलिनची पिल्ले फस्त करणारे हेरिंग माशांचे थवे, असे दोन्ही घाव एकाच काळात बसल्याने या बेटाभोवतीच्या बॅरेंट्स समुद्रातील त्याचा साठा कोसळला. त्याच कड्यांवरील ब्रुनिक गिलेमॉट या दुसऱ्या जातीचा आहार अधिक विविध असल्याने तिला एवढा फटका बसला नाही. वर्षाला एकच पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याची अशी हानी भरून यायला दशके लागतात, हे मला फार अस्वस्थ करते.

दुसरा धोका तेलाचा आहे. मे २००९ मध्ये ‘पेट्रोझावोद्स्क’ हे रशियन जहाज ऐन पक्षीकड्यांखालीच खडकावर चढले. पिसांना तेल लागले की त्यांचा उबदारपणा जातो आणि बर्फगार पाण्यात पक्षी गारठून मरतो, त्यामुळे विणीच्या हंगामात थोडी गळतीही घातक ठरते.

राखीव क्षेत्राची हद्द पुढे समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत वाढवली गेली. जहाजांपासून बचावाला तिचा उपयोग आहे. पण मासे हद्द पाळत नाहीत आणि स्वालबार्डचे ब्रुनिक गिलेमॉट तर हिवाळ्यात आइसलँड, ग्रीनलँडच्या समुद्रापर्यंत जातात. बॅरेंट्स समुद्रातील कॅपेलिनचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवत आले आहेत आणि तो ठरवताना कॉड मासा किती कॅपेलिन खाईल, याचा हिशेब धरला जातो. त्याच हिशेबात कड्यांवरील पक्ष्यांचाही वाटा स्वतंत्रपणे धरला जावा, असे मला मनापासून वाटते.