कुंडीतलं हायड्रेंजिया दुपारी मान का टाकतं? पुण्यात बाल्कनीत फुलं येतील का?

येतील, पण एप्रिल-मेचं दुपारचं ऊन टाळा. पूर्वेची बाल्कनी उत्तम: सकाळचं दोन-तीन तास ऊन, मग सावली. पश्चिमेला हिरवी जाळी लावाच.

दुपारी पानं लोंबली तरी लगेच पाणी ओतू नका. मोठ्या पानांतून पाणी मुळं पुरवतात त्यापेक्षा जास्त वेगाने उडतं, म्हणून झाड मलूल दिसतं. संध्याकाळी सावरलं तर ठीक. मातीत बोट दोन इंच खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, तळातून निथळेपर्यंत. ओल्या मातीतही सकाळी मलूलच असेल, तर मुळं कुजताहेत. कुंडीखालची बशी काढून टाका.

कुंडी १२-१४ इंची. माती, कोकोपीट, गांडूळखत समप्रमाणात. नुसती काळी माती नको.

बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त. त्याने नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या राहतात. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणारं लोहखत) द्या. फुलं निळी हवीत? कळ्या दिसण्याआधीपासून दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा तुरटीची पूड, ओल्या मातीतच. पांढऱ्या जाती निळ्या होत नाहीत.

छाटणी फुलं सुकताच करा. नेहमीच्या गोल गुच्छांच्या जाती जुन्या, म्हणजे गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर फुलतात. उशिरा छाटलं की पुढच्या कळ्याच कापल्या जातात.