रूळ उखडलेला मार्ग ओळखायचा कसा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जिम थॉर्पची जुनी कोळशाची रेल्वे मुलांसह पायी पाहायची आहे. पण रूळ कधीच उखडले म्हणतात. मग मार्ग ओळखायचा कसा? आणि वाटेत बंद खाण दिसली तर आत डोकवावं का?

उत्तर : उतारावरून ओळखा. समिट हिल ते मॉक चंक (जिम थॉर्पचं १९५४ पूर्वीचं नाव) ही ९ मैलांची रेल्वे १८२७ची. कोळशाचे डबे स्वतःच्या वजनानंच खाली धावत. खेचरंही डब्यांत उभी राहून खाली येत आणि रिकामे डबे ओढत वर नेत. म्हणून उतार मैलाला सुमारे शंभर फूटच ठेवलेला. चालताना जेमतेम जाणवतो. साधी पायवाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. रेल्वेमार्ग मात्र उंची एकदम सोडत नाही : ओढ्यावर भराव, त्याखाली मोरी, पुढं टेकडी आली की कटिंग, म्हणजे टेकडी कापून केलेली खाच. पुढं खेचरांऐवजी वाफेच्या इंजिनानं डबे वर ओढू लागले. त्यासाठी माउंट पिस्गावर केलेला चढ २३२२ फुटांत ६६४ फूट उठतो, तो नजरेतून सुटणार नाही. रेल्वे १९३३ला थांबली, १९३७ला भंगारात गेली. त्यामुळे लोखंड शोधत बसू नका.

निघण्यापूर्वी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) टोपोव्ह्यू संकेतस्थळावरून जुना नकाशा उतरवून घ्या आणि लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझरनं जमिनीची उंची मोजून काढलेल्या, चित्राशी ताडून पाहा. झाडीखालचा भरावही त्यात रेघेसारखा उमटतो. एक गाडी जिम थॉर्पला ठेवा, चालायला समिट हिलहून सुरुवात करा, म्हणजे उतार सोबतीला राहील. पानगळीनंतर जमीन उत्तम दिसते, पण तेव्हाच हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. सगळ्यांना भडक नारिंगी टोप्या हव्यातच. उन्हाळ्यात परतल्यावर गोचीड तपासा, गुडघ्यामागे आणि केसांत विशेषतः.

खाली गावात लीहाय नदीकाठी १८२९चा कालवा लागतो. नदी आणि कालवा यांच्यामधली सपाट पट्टी दिसली, की ती बोटी ओढणाऱ्या खेचरांची वाट समजा.

झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथूनच मागे फिरा. २०२०पासून पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागांत त्यांचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असा आहे, पाटी नसली तरी.

बंद खाणीत अजिबात जाऊ नका, तोंडाशी उभं राहून डोकावूही नका. आत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन जास्त अशी हवा साठलेली असते. तिला वास नाही, रंग नाही. चार पावलांत माणूस कोसळतो आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. मुलांना खाण पाहायचीच असेल तर जवळच्या लॅन्सफर्डची नऊ नंबरची खाण दाखवा. ती १८५५ ते १९७२ चालली, आता संग्रहालय आहे. छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात १६०० फूट नेतात. हंगामाबाहेर बंद असते, तारखा आधी पाहून घ्या. आत ऐन जुलैतही गारठा असतो, स्वेटर विसरू नका.