तालमीतल्या चित्रीकरणानिमित्त : होऊ घातलेल्या एका दिग्दर्शकास पत्र

बडोदे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेले कुस्तीच्या तालमीचे चित्रीकरण, दोन्ही सावकाशीने पाहिले. माहितीपटात आणखी काही वर्षे घालवावीत, की तिथे कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांच्या आयुष्यावरची जी पटकथा डोक्यात घोळते आहे ती घेऊन थेट कथापटाकडे वळावे, असे तू विचारतोस. माहितीपट म्हणजे उमेदवारी आणि कथापट म्हणजे कायमची नेमणूक, असे तू धरून चाललेला दिसतोस. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही ते तुझ्याच चित्रीकरणावरून सांगतो.

वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसून आपल्या उमेदीच्या काळाविषयी बोलतात, तो भाग घे. ते बोलत आहेत तोवर कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आहे. बोलणे संपताच तू मल्लखांबावरच्या मुलांवर कट केलास आणि खाली बासरीचे करुण सूर सोडलेस. पण त्या कटच्या अगदी आधी वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि पोरांच्या झटापटीत उकरलेली माती पायाच्या तळव्याने सारखी करू लागतात, एवढे ओझरते दिसते. पुढचे तू कापलेस, आणि मला नेमके तेच पाहायचे होते. जुन्या कुस्त्यांच्या आठवणी कोणत्याही रविवारच्या पुरवणीत वाचायला मिळतात. मात्र जिथे आता मोजकीच पोरे येतात त्या हौद्याची माती रोज तितक्याच निगुतीने सारखी करणारा म्हातारा आज फक्त तुझ्या फुटेजमध्ये आहे. उद्या कथापट करशील तेव्हा संवाद संपल्यावर हा माणूस काय करतो, हे तुलाच नटाला सांगावे लागेल. ज्याने ते कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्या दिग्दर्शकापाशी ‘जरा मनापासून करा’ यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. बासरी मात्र काढून टाक. वस्तादांना तिची गरज नाही.

आता आवाज. पंख्याची घरघर, दांडिया बाजाराच्या रस्त्यावरचे हॉर्न आणि वस्तादांचे बोलणे तू कॅमेऱ्यावरच्याच माईकने घेतले आहेस, त्यामुळे त्यांची निम्मी वाक्ये मला दोनदा ऐकावी लागली. चित्र जरा अंधारलेले असले तर प्रेक्षक चालवून घेतो. शब्द कळेनासा झाला की तो उठतो. उसना का होईना, एक कपड्याला लावायचा लेपल माईक, एक लांब दांड्यावरचा बूम माईक आणि वेगळा रेकॉर्डर मिळव, आणि ज्याच्या हाती ते काम देशील त्याच्या कानांवर हेडफोन असलाच पाहिजे. मुलाखतीपुरता पंखा बंद ठेवायचा असेल तर ती भर दुपारी ठेवू नये, पहाटे ठेवावी, म्हणजे वस्तादांनाही त्रास होणार नाही आणि रस्ताही शांत असेल. बोलणे आटोपल्यावर सर्वांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर टिपून घे. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला दुसरे काहीही कामाला येत नाही.

बडोद्यात राहून या व्यवसायाचा विचार करणाऱ्याला पूर्वसूरी शोधायला लांब जावे लागत नाही. दादासाहेब फाळके सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले, पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी राजाराणीची सोंगे उभी करण्याआधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते ते रोज थोडे थोडे टिपले, आणि तो तुकडा दाखवून भांडवल मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ चा. कथापटात नाव झाल्यावरही १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा छोटा पट केला. त्यांच्याही आधी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली होती. म्हणजे भारतीय माणसाने हाती कॅमेरा घेतला तेव्हा अगदी सुरुवातीला जो विषय निवडला तोच तू निवडला आहेस, हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहिले.

पुढच्या काळातही या दोन प्रकारांमध्ये भिंत कधी नव्हती. श्याम बेनेगल यांनी १९६२ साली ‘घेर बेठा गंगा’ हा गुजराती माहितीपट केला, त्यानंतर असंख्य जाहिरातपट केले, आणि ‘अंकुर’ आला १९७४ साली. मधल्या वर्षांत ते थांबून राहिले नव्हते. माणसे, बोली, गावे आणि वेळापत्रके हाताळत होते. म्हणूनच गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभ्या केलेल्या १९७६ च्या ‘मंथन’मध्ये गाव हा देखावा वाटत नाही. सुमित्रा भावे तर समाजशास्त्राच्या अभ्यासातून आल्या. झोपडपट्टीतल्या स्त्रियांच्या जगण्याचा अभ्यास करता करता १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला, आणि सुनील सुकथनकरांसोबतचा ‘दोघी’ १९९५ साली. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी १९९७ च्या, मुंबईतल्या रमाबाई नगरच्या पोलीस गोळीबारापासून धागा धरला आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला २०११ साली. ही वर्षे तुला घाबरवण्यासाठी मांडलेली नाहीत. जवळ कॅमेरा कोणता यापेक्षा विषयापाशी किती काळ टिकता येते यावर दिग्दर्शकाचे काम ठरते, आणि तो काळ विकत घ्यायला पैसा लागतो, म्हणून पोटापाण्याचा विचार आधी करावा लागतो.

हा विचार माझ्या पिढीला थोडा सोपा होता. १९४८ साली स्थापन झालेले, माहितीपट काढणारे सरकारी फिल्म्स डिव्हिजन होते, तिथे नोकरी मिळे किंवा निदान बाहेरून काम मिळे, आणि त्यांचे पट चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. २०२२ साली ती संस्था एनएफडीसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तुझ्या वाट्याला तो आधार नाही. म्हणून वर्षातले काही महिने मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी सुरक्षिततेच्या आणि प्रशिक्षणाच्या फिल्म कर, लग्ने कर, दुसऱ्यांचे संकलन कर, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. लेथवर काम करणाऱ्या माणसाचे हात नीट दिसतील असा कॅमेरा लावता आला तर तो आखाड्यातही लावता येतो. फक्त त्या कमाईतला एक भाग वस्तादांच्या फिल्मचा म्हणून वेगळ्या खात्यात ठेव आणि घरच्यांना ते स्पष्ट सांग. तुझ्या वडिलांना तुझ्या स्वप्नाची धास्ती नाही, हिशेब नसल्याची धास्ती आहे, असे मला त्यांच्याशी बोलताना जाणवले.

शिक्षणाविषयी विचारले आहेस. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था आपल्याला जवळ आहे. प्रवेश मिळाला तर जरूर जा, नाही मिळाला तर रडत बसू नकोस. मुख्यतः तिथे सोबतीची माणसे मिळतात. ती सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला आणि नाट्य विभागांतही मिळतील, आणि त्यांच्यापैकी कोणाला तू अजून भेटायलाही गेलेला नाहीस, याचे मला नवल वाटते.

पत्रात तू ज्याचा उल्लेखही केलेला नाहीस ती गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तादांनी एका ठिकाणी आपल्या थोरल्या मुलाविषयी, त्याने तालीम का सोडली याविषयी, बरेच कडवट बोलून टाकले आहे. ते तुझ्या फुटेजमधले सर्वांत जिवंत बोलणे आहे, आणि म्हणूनच त्याला घाईने हात लावू नकोस. संमतीपत्रावर त्यांची सही आहे असे तू लिहितोस. ते चांगलेच, सही हवीच, आणि ज्या अल्पवयीन मुलांचे चित्रण केले आहे त्यांच्या पालकांचीही हवी. पण सहीने प्रश्न मिटत नाही. फिल्म महोत्सवांत फिरून येईल तेव्हा तू पुढच्या कामात असशील. वस्ताद आणि त्यांचा मुलगा मात्र त्याच पोळात, त्याच गल्लीत, समोरासमोर राहत असतील. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, तयार झाला की तो आधी दोघांना, शक्य तर वेगवेगळा, दाखव. मुलाने आपली बाजू मांडायची तयारी दाखवली तर तुझी फिल्म दुप्पट मोठी होईल. त्याने नकार दिला तर ते बोलणे बाजूला ठेव, आणि त्यातून जे समजले ते कथापटात, नावगाव आणि प्रसंग पूर्ण बदलून, वापर. मला विचारशील तर तुझ्या पटकथेचा खरा उगम तिथेच आहे. पटकथेतला बाप हल्ली फारच थोर झाला आहे, आणि सगळी पात्रे पुण्याच्या रंगमंचावरचे शुद्ध मराठी बोलतात. अर्धे वाक्य मराठीत सुरू करून गुजरातीत संपवणारा बडोद्याचा माणूस त्यात कुठेच नाही, जो तुझ्या माहितीपटात मिनिटामिनिटाला आहे.

कथापटात आणखी एक फरक आहे, जो पटकथा लिहिताना कळत नाही. माहितीपटात तू आणि ध्वनिमुद्रण करणारा असे दोघे पहाटेपासून काही घडण्याची वाट पाहू शकता. कथापटाच्या सेटवर पन्नास माणसे, भाड्याचे दिवे आणि जनरेटर तुझ्या एका निर्णयासाठी ताटकळत असतात, आणि सूर्य कलला की त्या दिवसाचे दृश्य राहून जाते. तो ताण कोणत्याही पुस्तकात शिकता येत नाही. म्हणून वस्तादांची फिल्म पूर्ण केल्यावर एखाद्या कथापटात शेवटचा असिस्टंट म्हणून काम कर, प्रत्येक शॉटच्या आधी क्लॅप दे, कन्टिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखण्याच्या नोंदींची, वही सांभाळ, नटांना चहा वेळेवर पोचतो की नाही ते बघ. मुंबई रेल्वेने एका रात्रीवर आहे. कायमचे स्थलांतर करण्याची घाई नको.

आता तातडीची कामे. सगळे फुटेज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरव आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेव. प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून काढ, कंटाळवाणे असले तरी स्वतः उतरव. नवरात्रातल्या गरब्याच्या दृश्यात मागे जे चित्रपटगीत वाजते आहे त्याचे हक्क तुला परवडणार नाहीत, तेव्हा ते दृश्य वगळ किंवा तिथल्या ढोलवाल्यांच्या परवानगीने त्यांचे वादन वेगळे मुद्रित करून घे. तांबेकरवाड्यातली भित्तिचित्रे घ्यायची असतील तर तो वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, अर्ज वेळेत कर. फिल्म चित्रपटगृहात दाखवायची किंवा राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायची झाली तर माहितीपटालाही सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आजच धर.

उतरवून काढलेल्या मुलाखती आणि कागदावरचा दृश्यक्रम तयार झाला की घेऊन ये. बहुतेक रविवारी सकाळी मी घरीच असतो. पटकथा आणू नकोस, ती नंतर बघू. माती सारखी करण्याचा तो न कापलेला तुकडा मात्र पेन ड्राइव्हवर आण.

तुझा शुभचिंतक